गवशेतचं वाचन

स्क्रीनवरचा आकडा सकाळी सहा वाजल्यापासून हलला नव्हता. गवशेत, सहा मीटर वीस.

"हलला नाही म्हणजे पाणी स्थिर आहे," पाटणकर साहेब म्हणाले. "इथे बघा, उघडीप पडलीय. वरही पडली असेल."

"साहेब, पुरातली नदी चार तास एका सेंटिमीटरनंही हलत नाही, असं होत नाही," मी म्हणाले. "वरचं यंत्र बंद पडलंय. हा कॉम्प्युटर शेवटचा आकडाच धरून बसलाय."

"बंद पडलं असतं तर लाल दिवा लागला असता."

लाल दिवा लागला नव्हता, हे खरं होतं. मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. सकाळपासून माझं हेच चाललं होतं.

ऑगस्ट २००७. काळजाई धरणाच्या नियंत्रण कक्षात मी ज्युनिअर इंजिनिअर होते, सत्तावीस वर्षांची. धरण चौऱ्याण्णव टक्के भरलं होतं. वर बावीस किलोमीटरवर घाटात गवशेत नावाची जागा आहे. तिथे नदी अरुंद होते, म्हणून पाण्याची उंची तिथे मोजतात. गवशेतला चढलेलं पाणी आमच्या तलावात यायला सुमारे अडीच तास लागतात. खाली नऊ किलोमीटरवर माणगुती, सहा हजार वस्तीचं गाव. वरून मोठं पाणी येणार असेल, तर सात दरवाज्यांपैकी दोन-तीन आधीच उघडून जागा करून ठेवायची. उशीर केला तर सगळे एकदम उघडावे लागतात, आणि मग गावाला उठायलाही वेळ मिळत नाही.

पण साहेबांनी आदल्या वर्षी असेच आधी दरवाजे उघडले होते. वरून पाणी आलंच नाही. नदीकाठचा चारशे एकर ऊस बुडाला आणि साहेबांना जाब द्यावा लागला. त्यामुळे या वर्षी ते आकड्याला चिकटून बसले होते. माणूस वाईट नव्हता. भाजलेला होता.

गवशेतचा रस्ता दरडीनं बंद झाला होता. त्या खोऱ्यात मोबाइल चालत नव्हते. यंत्र बसवणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, उद्या माणूस पाठवतो.

"झोरे आहे की तिथे," कोपऱ्यातून आवाज आला.

बावडेकर काका. आमच्या कक्षाचे निवृत्त बिनतारी ऑपरेटर. धरणाच्या वसाहतीतच राहायचे आणि रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला यायचे. पेपर खाली न करताच ते बोलले होते.

"कोण झोरे?"

"बाबू झोरे. गवशेतचा गेज वाचणारा. नदीतल्या पट्टीवरचा आकडा बघायचा आणि बिनतारी यंत्राच्या डब्यावर टाइप करायचा, एवढंच काम. उपग्रहाचं यंत्र आलं तेव्हा त्याला सांगितलं, पुढील आदेशापर्यंत खोलीची देखभाल कर. पुढला आदेश काही निघाला नाही. जुना बिनतारी डबाही तिथंच आहे, सोलरवर चालणारा."

"आणि त्याच्याशी बोलणारं आपल्याकडचं यंत्र?"

आता त्यांनी पेपर खाली ठेवला. "स्टोअरमध्ये असंल. चुन्याच्या पोत्यांखाली."

मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वेळ घालवायचाय तर घालवा."

तेव्हा दहा चाळीस झाले होते.

कॉम्प्युटर खरंच चुन्याच्या पोत्यांखाली होता. पिवळा पडलेला, वजनाला दगड. आम्ही दोघांनी तो टेबलावर आणला, जुना मॉनिटर जोडला, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि नारिंगी अक्षरांत ओळ आली की डिस्क सापडत नाही.

"त्याची आतली बॅटरी मेलीय," काका म्हणाले. "आपल्या पोटात काय आहे तेच त्याला आठवत नाही. स्क्रू-ड्रायव्हर द्या."

त्यांनी झाकण उघडलं, डिस्कवरच्या लेबलाशी चष्मा नेला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. मी टाइप करत गेले. दुसऱ्या खेपेला यंत्र सुरू झालं. पण गवशेतशी बोलणारा प्रोग्राम डिस्कवर नव्हता. मध्ये कुणीतरी त्या यंत्रावर टायपिंग शिकायला घेतलं होतं आणि जागा करायला बाकी सगळं पुसलं होतं.

मी डोकं धरून बसले. काका तोवर दाराबाहेर पडले होते.

वीस मिनिटांनी ते घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत डांबराच्या गोळ्या आणि दोन फ्लॉपी. "सरकारी माल घरी नेला म्हणून आता लिहून घेऊ नका," ते म्हणाले. पहिली फ्लॉपी चालली. दुसरीची पत्र्याची झडप सरकवली तर आतल्या काळ्या चकतीवर पांढरी बुरशी. आमच्या हवेत चपलांनासुद्धा बुरशी येते. काकांनी प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस घेतला आणि चकती बोटानं किंचित किंचित फिरवत पुसायला लागले.

"काका, लवकर."

"मॅडम, ओरखडा उठला तर लवकर करून काय उपयोग?"

मी पुन्हा खिडकीपाशी. तलावाच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. ते ऊनच मला नकोसं झालं होतं.

फ्लॉपी आत घातली. यंत्र कुरकुरलं आणि विचारू लागलं, वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का? मी हो म्हटलं. पुन्हा तेच. मी मोजत होते, अकराव्यांदा ते पुढे सरकलं.

प्रोग्राम उघडला आणि त्यानं पहिल्यांदा तारीख मागितली. मी दिली. सालापुढे ०७ टाकलं की तो ते पुसून परत विचारायचा. तीनदा झालं.

"दोन हजारच्या पुढं त्याला जाताच येत नाही," काका म्हणाले. "सत्याण्णव टाका. आम्ही शेवटी तसंच मागचं साल टाकत होतो."

सत्याण्णव चाललं. गवशेतला हाक घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. उत्तर नाही. मग काकांच्या लक्षात आलं की खांबावरच्या जुन्या अँटेनाची वायर सुटलेली असणार. मी गच्चीवर गेले, शेवाळावर घसरले, कोपर सोलून घेतलं आणि वायरचं टोक शोधून जोडलं. खाली येते तो काका स्क्रीनवर वाकलेले. स्क्रीनभर कचरा पसरला होता. चौकोन, उलटीसुलटी चिन्हं, कशाचा कशाला मेळ नाही.

"गेलं," मी म्हणाले.

"गेलं? अहो, आलं!" काकांचा आवाज चिरकला. "कचरा म्हणजे तिकडून कुणीतरी बोलतंय. वेग जुळत नाहीय फक्त. बाराशे नाही, तीनशे करा. पावसात तुटायचं म्हणून मीच शेवटी तीनशेवर आणून ठेवलं होतं."

मी तीनशे केलं. स्क्रीन पुसली गेली. मग एकेक अक्षर उमटायला लागलं, कुणीतरी हातानं लिहावं तसं.

गवशेत ९.४० वेळ १२.५२.

नऊ मीटर चाळीस. तीन मीटर वीस सेंटिमीटरचा फरक. खाली रोमन अक्षरांत आणखी एक शब्द आला.

"कोण"

मी टाइप केलं, "नमस्कार. काळजाई ऑफिस. शिरगुप्पे, ज्युनिअर इंजिनिअर. हा आकडा आताचा आहे का?"

बराच वेळ काही नाही. मग आलं, "आताच बघून आलो. नदी लई चढतीय."

साहेब धावत आले. स्क्रीन पाहिली, आपल्या नव्या स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा इकडे. "एका आकड्यावर नाही उघडता येत दरवाजे. आणखी दोन मागवा."

मी मागितले. झोरेंना प्रत्येक वेळी खोलीतून बाहेर पडून वीस पायऱ्या उतरून पट्टी बघावी लागायची आणि परत चढून टाइप करावं लागायचं. एक दहाला ९.६५ आलं. दीडला ९.९५. एक चाळीसला साहेबांनी भोंगा वाजवायला सांगितला, तीन दरवाजे उचलले आणि माणगुतीच्या पोलीस पाटलाला गाव हलवायला सांगितलं.

काका जनरेटरमध्ये डिझेल घालायला मागे गेले. झोरेंचा निरोप आला, "भाकरी खाऊन घेऊ का पाच मिनिटं."

मी लिहिलं, "थोड्या वेळानं."

"बरं," त्यांनी लिहिलं.

सव्वादोनला पोलिसांच्या वायरलेस कक्षातून फोन आला. तो मीच घेतला. गवशेतच्या वर आठ किलोमीटरवर एक मातीचा साठवण तलाव होता, त्याचा बांध फुटला होता. मी साहेबांना सांगितलं. ते नकाशावर वाकले.

"अर्ध्या-पाऊण तासात लोंढा गवशेतला. तिथे किती चढतो ते कळलं पाहिजे. थोडा असेल तर पाच दरवाज्यांवर भागेल. मोठा असेल तर तो इथे पोचायच्या आत जागा करायला सातही लगेच उघडावे लागतील, आणि सात उघडले की माणगुतीचा पूल पाण्याखाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि गाव त्याच पुलावरून बाहेर पडतंय."

दर दोन मिनिटांनी पोलीस पाटलाचा फोन येत होता. अजून दोन गल्ल्या राहिल्यात. अजून सात-आठ ट्रॅक्टर. एक बाळंतीण आहे, तिला खाटेवरून आणतायत.

मी टाइप केलं, "आता दर पाच मिनिटांनी वाचन पाठवा. थांबू नका."

"पाठवतो."

२.४० ला १०.१५. २.४५ ला १०.२०. २.५० ला १०.२५. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. साहेब एका कानाला फोन लावून माझ्या खुर्चीमागे उभे.

२.५५ ला आलं, १२.१०.

पाच मिनिटांत पावणेदोन मीटरहून जास्त. साहेब फोनमध्ये ओरडले, "पूल बंद करा! आत्ता! पुलावर असेल त्याला पुढे काढा, मागचे शाळेच्या टेकडीवर चढवा!" पुलावरचा शेवटचा ट्रॅक्टर पलीकडे गेल्याचा निरोप तीन तेराला आला, आणि लगेच सातही दरवाजे उचलले गेले.

मी गवशेतला लिहिलं, "मिळालं. आता वर जा."

उत्तर आलं नाही. मी संध्याकाळी सहापर्यंत हाका घालत राहिले.

त्या दिवशी माणगुतीच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. एकही माणूस गेला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला, शेजारी मी, पुढे तो पिवळा कॉम्प्युटर.

गवशेतची वाट मोकळी व्हायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बावडेकर काका आणि मी निघालो. दरडीपलीकडे चालत. गेजच्या खोलीच्या दोन भिंती उरल्या होत्या. झोरे वरच्या वाडीत शाळेच्या खोलीत खाटेवर होते. मांडीचं हाड मोडलेलं, बांबूच्या कांबी बांधलेल्या. डोली करून खाली न्यायला माणसं जमत होती. पन्नाशीचा, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस.

"तुमीच व्हय मॅडम?" ते उठायला बघत होते. "मला वाटलं पुरुषमाणूस हाय. रोज सकाळी आठाला आकडा पाठवायचो बगा. सा वर्सं. तिकडनं कोन बोलायचंच न्हाई. त्या दिशी डब्यावर नमस्कार आला आन् मी दचाकलो."

बावडेकर काका नाक शिंकरायला बाहेर गेले.

त्यांच्या बायकोनं, ठकूबाईंनी, आम्हाला चहा दिला. त्या दाराच्या चौकटीशी बसल्या. गेजच्या खोलीला लागूनच त्यांचा गोठा होता. पाच म्हशी बांधलेल्या. लोंढा आला तेव्हा झोरे शेवटचा आकडा टाइप करत होते. तो झाल्यावर ते म्हशी सोडायला धावले. दोन सोडल्या आणि गोठ्याची भिंत अंगावर आली. तीन म्हशी दाव्यानिशी बुडाल्या.

काका परत आत येऊन बसले. ठकूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वरचं तळं फुटल्यालं तुमास्नी कवा कळलं?"

"बातमी मागनं आली असंल, वहिनी," काका म्हणाले. "सगळा गोंधळ होता." त्यांना खरंच तसं वाटत होतं. फोन आला तेव्हा ते जनरेटरपाशी होते.

मी हो म्हणू शकले असते. काकांनी वाट करून दिली होती. साहेबांच्या अहवालात तोवर लिहूनही झालं होतं, की गेज वाचणारा कर्मचारी धोका ओळखून स्वेच्छेने थांबला.

"आधी," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं आधी."

आणि मी पुढेही बोलले, कारण अर्धंच सांगून थांबले असते तर ते विसरल्यासारखं वाटलं असतं, आणि मी विसरले नव्हते.

"मी लिहिलं होतं, तळं फुटलंय, म्हणून. ओळ पूर्ण टाइप केली होती. मग वाटलं, हे वाचून तुम्ही निघून जाल आणि आकडा मिळणार नाही. पुलावर माणसं होती. म्हणून ती पुसली आणि दुसरं लिहिलं, की थांबू नका."

झोरे छपराच्या पत्र्याकडे बघत होते. ठकूबाई उठल्या. माझ्यापुढचा चहाचा कप अजून अर्धा भरलेला होता. तो त्यांनी उचलला आणि आत नेला.

परतीच्या वाटेवर काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दरड ओलांडताना मात्र त्यांनी हात दिला.

दुसऱ्या दिवशी मी पूर-नोंदवही काढली. सव्वादोनच्या नोंदीखाली लिहिलं, तलाव फुटल्याची माहिती गवशेतला कळवली नाही, असं मी जाणूनबुजून केलं, कर्मचारी माझ्या सूचनेवरून थांबला. खाली सही केली आणि वही साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "हे पान काढून टाका."

"पानांना नंबर आहेत, साहेब."

"शिरगुप्पे, सहा हजार माणसं वाचली. कुणी तुम्हाला विचारलेलं नाही."

"ठकूबाईंनी विचारलं," मी म्हणाले.

साहेबांनी वही मिटली. मग त्यांनी आपला अहवाल मागवला आणि 'स्वेच्छेने' हा शब्द खोडला. तो खोडताना त्यांना काय वाटलं ते मला कधी कळलं नाही. चौकशी होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

चौकशी जानेवारीत झाली. मुख्य कार्यालयातून एक वयस्कर अधिकारी आले होते, शांत बोलणारे. त्यांनी सगळं विचारून घेतलं, तारीख सत्याण्णव का टाकली तेसुद्धा. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"एक मला माझ्यासाठी विचारायचंय. पुन्हा तशीच वेळ आली तर ते वाचन मागाल?"

मी गेले पाच महिने हेच घोळवत होते. झोपेत, जेवताना, बसमध्ये. "मागेन," मी म्हणाले. "पण सांगून मागेन."

"आणि तो निघून गेला तर?"

"तर आकडा नसेल. मग आम्हाला आमच्या अंदाजानं ठरवावं लागेल."

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मी पाहिलं नाही. दोन महिन्यांनी माझी बदली दूर एका नकाशे साठवायच्या कार्यालयात झाली आणि पुढची सहा वर्षं मी तिथे काढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर झोरे बसले होते. त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. बगलेत कुबडी, अंगात नवा सदरा. ठकूबाई दूर झाडाखाली पाठ करून बसलेल्या.

"काय इचारलं सायबानं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते कुबडीच्या टोकानं फरशीवरची माती उकरत राहिले.

"सांगितलं असतं तरी मी थांबलोच असतो, मॅडम," ते म्हणाले. "आमची मेव्हनी माणगुतीत दिल्याली हाय. न्हाई थांबलो तर तोंड कुनाला दावू?"

आतून शिपायानं त्यांच्या नावाचा पुकारा केला. ते कुबडीवर भार देऊन उठले, दोन पावलं गेले आणि वळले.

"फकस्त म्हशी सोडून मग बसलो असतो," ते म्हणाले. "दोन मिन्टाचं तर काम व्हतं."